चासीवरचं पिवळं ‘ठीक’

आमच्या घानाच्या सहलीची गोष्ट माझी बायको फार छान सांगते. आम्ही दुबईत सिलिकॉन ओएसिसला मुलाकडे राहतो. तिथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात तिने ती आतापर्यंत तीनदा सांगितली आहे, आणि दरवेळी कुणी ना कुणी न्यायला आलेल्या आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणालं आहे, "बघा, शिका जरा काकांकडून!" चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला हातमाग बघायला आफ्रिकेत नेणारा नवरा, असं माझं नाव झालं आहे. तेवढ्यात मी पाण्याच्या बाटल्या आणायला उठून आत जातो.

तिच्या गोष्टीत एकही शब्द खोटा नाही. खोटा मी आहे. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी या सहलीवर लेख मागितला, तेव्हा मी तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा ‘माझ्या पत्नीला विणकामाची पहिल्यापासून आवड’ या वाक्यापाशी थांबलो. ते वाक्य खरं आहे. ती येवल्याची, तिच्या वडिलांचा पैठणीचा माग होता. पण त्या आवडीमुळे आम्ही घानाला गेलो नव्हतो. आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. जे झालं ते झालं तसं लिहितो, मंडळाला छापायचं तर छापावं.

शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या गाड्यांच्या एका यार्डात मी सव्वीस वर्षं काढली. इकडच्या शाळांच्या, कंपन्यांच्या वापरून झालेल्या बस तिथे येत आणि जहाजाने आफ्रिकेला जात. माझं काम गाडी तपासण्याचं. बसच्या पोटाखाली चासीचे दोन लांब लोखंडी दांडे असतात, सगळी बस त्यांच्या जिवावर उभी असते. जमिनीवर पुठ्ठा टाकून त्यावर पाठ टेकायची, खाली सरकायचं आणि लहान हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत दांड्यावर ठोकत जायचं. अखंड लोखंड खणखणीत वाजतं. कापून जोडलेलं, वरून पुट्टी भरून रंगवलेलं लोखंड दबकं वाजतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, कानाला लागतं.

गाडी बरी असली की मी दांड्यावर पिवळ्या पेंटच्या पेनाने ‘ठीक’ असं लिहायचो. मराठीतच लिहायचो, कारण इंग्रजी ओके कुणीही लिहिलं असतं. यार्डात माझ्यासारखा ‘ठी’ दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हता. आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांना ते वाचता यायचं नाही, पण ते चित्र त्यांच्या ओळखीचं झालं होतं. आधी खाली वाकून पिवळं अक्षर शोधायचे आणि मगच बोलणी सुरू करायचे.

त्यांच्यात घानाच्या एका लहान गावातल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, भारदस्त, मोठ्याने हसणाऱ्या. वर्षातून दोनदा यायच्या, शारजातल्या रोल्ला भागातल्या एका स्वस्त हॉटेलात उतरायच्या. मला पापा म्हणायच्या. बाजारातल्या बायका आणि विणकर यांची ने-आण करण्यासाठी त्या गावात बस चालवत. एकदा त्यांनी माझ्या बायकोसाठी त्यांच्या गावात विणलेली कापडाची पट्टी पाठवली, जेमतेम वीतभर रुंद, पिवळी-हिरवी. बायकोने सगळ्यात आधी ती उलटी करून पाहिली. येवल्याच्या माणसांची ही खोड आहे, कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची. "दोन्हीकडून सारखंच आहे हो," ती म्हणाली. "विणणारा चोख आहे." तेव्हापासून ती पट्टी देवघरातल्या चौरंगावर अंथरलेली असते.

ऑगस्टमधली दुपार होती. या बाईंसाठी तीस सीटची एक बस काढून ठेवली होती, शाळेची. मी खाली गेलो. मागच्या चाकांच्या थोडं पुढे आवाज बदलला. पुन्हा ठोकलं, पुन्हा तोच दबका आवाज. वरून काळा लेप दिलेला होता, ताजा. मालक बाहेर उभा होता, मला त्याचे बूट दिसत होते.

"क्या हुआ चाचा? सो गये क्या नीचे?"

"इसमें जोड़ लगता है."

"लगता है ना? पक्का तो नहीं है ना? परसों जहाज है. यल्ला, चलो, लिख दो, खलास करो."

माझ्या नोकरीचे दोन महिने उरले होते. निवृत्तीचे सगळे कागद त्याच्याच हातात होते, त्याच्याशी वाकडेपणा नको होता. पण हे कारण मी मागाहून शोधलं. त्या क्षणी एवढंच वाटत होतं की पाठ भाजतेय, गुडघे ठणकतायत आणि मला इथून बाहेर पडायचंय. मी ‘ठीक’ लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा सुबकच आलं.

बाहेर आलो तर बाई छत्री धरून उभ्या. इतक्या वर्षांत तेवढा एक शब्द त्या शिकल्या होत्या. "टीक, पापा?"

"ठीक," मी म्हणालो.

ऑक्टोबरात मी निवृत्त झालो. यार्डात हार घातला, केक कापला. डिसेंबरात या बाई यायच्या, त्या आल्या नाहीत. उन्हाळ्यातही नाहीत. त्यांच्या नंबरवर मेसेज टाकला तर एकच खूण यायची, दुसरी नाही. यार्डातल्या माणसांना विचारायची हिंमत झाली नाही. पेपरात किंवा फोनवर कुठल्याही देशातल्या बस अपघाताची बातमी आली की मी फोटो मोठा करून गाडीचा रंग बघायचो. नातीने एकदा पकडलं. "आजोबा, व्हाय डू यू ऑल्वेज लुक ॲट क्रॅशेस?" मी म्हटलं, जुनी सवय, कामाची.

अशी दोन वर्षं गेली. मग रोल्लात एका दुकानात घानाचा एक व्यापारी भेटला. त्याला त्या गावाचं नाव सांगितलं, बाईंचं वर्णन केलं. तो म्हणाला, आहेत की, ओळखतो. नवा नंबरही दिला. म्हणजे त्या जिवंत होत्या. पण बसमध्ये तीस सीट असतात. त्या व्यापाऱ्याला ‘बस कशी आहे’ एवढे तीन शब्द मला विचारता आले नाहीत.

मी फोन केला. मी कोण ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "या पापा. मम्मीला घेऊन या. ती पट्टी कशी विणतात ते तिला दाखवू."

अशी ती सहल ठरली. मुलगा चिडला होता. "बाबा, तिकडे जायला यलो फीवरची लस लागते. साठीच्या पुढे डॉक्टर ती द्यायला घाबरतात. त्यापेक्षा जॉर्जिया करा ना, सगळे करतात!" बायको म्हणाली, "जॉर्जियात माग आहेत का?" डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारून, आमच्या सह्या घेऊन लस दिली. लस टोचताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्या लक्षात राहिलं होतं, माझ्या मनात होतं ते." मी हात सोडवून घेतला नाही.

अक्रा विमानतळावरून गाडीने साडेचार तास. जानेवारी होता. त्या दिवसांत तिथे वाळवंटाकडून धूळ येते, आकाश शारजासारखंच मळकट होतं. बायको खिडकीतून केळी, मक्याची कणसं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका दाखवत होती. मी समोरून येणारी प्रत्येक बस बघत होतो. कितीतरी गाड्यांवर अजून अरबी अक्षरं तशीच होती. एका बसवर तर शारजातल्या एका लाँड्रीचं नाव होतं. आपल्या गल्लीतलं माणूस परमुलखात दिसावं, तसं वाटायला हवं होतं. मला घाम फुटला.

बाई अंगणात उभ्या होत्या. हसल्या, पण पूर्वीसारख्या मोठ्याने नाही. आणि त्यांच्या हातात काठी होती. उजवा पाय ओढत त्या पुढे आल्या. ती काठी बघितली आणि त्या दिवशी पुढे मी दुसरं काहीच नीट बघितलं नाही.

तिथे एक रीत आहे. पाहुणा आला की त्याला बसवून आधी पाणी देतात. आपल्याकडेही देतात. पण आपल्याकडे मग हवापाण्याच्या गोष्टी होतात, चहा होतो, आणि आल्याचं खरं काम दारात चपला घालताना निघतं. तिथे तसं नाही. पाणी प्यायलं की घरातला मोठा माणूस सगळ्यांसमक्ष विचारतो. बाईंचे थोरले भाऊ निवृत्त शिक्षक होते. ते खुर्चीत ताठ बसले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे सगळं शांत आहे. रस्त्यावर तुम्ही होतात. तुमच्या येण्याचं काम काय, ते सांगा."

ही विचारपूस सगळ्यांनाच करतात, शेजारच्या घरून मीठ मागायला आलेल्यालासुद्धा, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला वाटलं, मला पकडलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली होती.

"माझ्या बायकोला," मी म्हणालो, "विणकामाची पहिल्यापासून आवड आहे. तिला तुमचे माग बघायचे होते."

भावाने मान हलवली. मग रीतीप्रमाणे माझं उत्तर त्यांनी जमलेल्या सगळ्यांना त्यांच्या भाषेत मोठ्याने सांगितलं. दोन मिनिटं बोलले. मी एकच ओळ बोललो होतो. त्यांनी त्यात काय काय घातलं कोण जाणे, पण बायका टाळ्या वाजवायला लागल्या आणि दोघीतिघींनी येऊन माझ्या बायकोचे हात हातात घेतले.

"काय सांगितलंत तुम्ही?" ती लाजून म्हणाली.

"काही नाही. तुझं कौतुक."

बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या.

आता पुढचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी विणकरांच्या वाडीत जायचं होतं, तासाभराचा रस्ता. दारात बस येऊन थांबली. निळा रंग दिलेला, पुढच्या काचेवर देवाचं काहीतरी वचन रंगवलेलं. पण आपत्कालीन दाराच्या वरची अरबी पाटी तशीच होती, आणि पायरीच्या पत्र्याला पोचा होता तोही मला पाठ होता. तीच बस. बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन चढत होत्या. माझी बायको त्यांच्यातच पदर खोचून चढली आणि खिडकीजवळची जागा पकडून मला हाक मारायला लागली, "अहो, या ना! इथे मस्त वारा येतोय." ती बसली होती ती सीट मागच्या चाकांच्या थोडी पुढची होती. बरोबर त्या जागेवरची.

मी तिला उतरवायला हवं होतं. पोटात दुखतंय, चक्कर येतेय, काहीही सांगता आलं असतं. तिला उतर म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. मी चढलो आणि तिच्या शेजारी बसलो. शेजारी बसणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं मला तेव्हा वाटलं. ते काहीच नव्हतं.

बाई आमच्या समोरच्या सीटवर वळून बसल्या. रस्ता तांबड्या मातीचा, खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला माझे पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबले जात होते, बस मीच धरून ठेवल्यासारखे. मी कान लावून होतो. इंजिन, टोपल्या, कोंबड्या, बायकांचं हसणं, या सगळ्याखालून एखादा वेगळा आवाज येतोय का. बायकोने बाईंच्या काठीकडे बोट दाखवलं आणि हाताने विचारलं, काय झालं.

बाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "गुडघा, मम्मी. चाळीस वर्षं बाजारात बसायचं आणि खायचं."

"माझाही!" बायकोने आपला गुडघा दाखवला. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. पायाचं कोडं सुटलं होतं, बसचं नव्हतं.

बायकोचं इंग्रजी मोजकं आहे, पण ती ते बेधडक वापरते. माझ्या दंडावर हात ठेवून ती बाईंना म्हणाली, "माय हजबंड, नो लाय. नेव्हर. भाजीवाल्याशी ऑल्सो, नो लाय."

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "येस मम्मी. आय नो पापा."

वाडीत झाडांखाली माग मांडले होते. आपल्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळलेला असतो. तिथे तो विणकरापुढे वीस-पंचवीस पावलं मोकळा पसरलेला होता आणि पार पलीकडच्या टोकाला एका फळीवर दगड ठेवून ताणलेला. विणकर आडव्या धाग्याचा धोटा टाकत जातो, कापड होत जातं आणि तो दगड जमिनीवरून बोटबोट त्याच्याकडे सरकत येतो. बायको तिथेच मातीत बसली. "अहो, दगड चालत येतोय! आमच्या अण्णांनी हे बघायला हवं होतं." विणकराने तिच्या हातात धोटा दिला. तिने दोन धागे टाकले, तिसरा चुकला, विणकराने जीभ चावली, सगळे हसले. सासष्ट वर्षांची माझी बायको त्या दिवशी किती सुंदर दिसत होती ते मी आता फोटोत बघतो.

ती त्यात रमली तसा मी बसकडे आलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. पुठ्ठा नव्हता, मातीतच पडलो आणि खाली सरकलो. मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही दांड्यांना दोन्ही बाजूंनी हातभर लांबीच्या जाड लोखंडी पट्ट्या लावल्या होत्या, आरपार बोल्ट घालून. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं. सगळीकडे काळा रंग दिला होता, फक्त एक वीतभर जागा सोडून. त्या जागेत माझं पिवळं ‘ठीक’ होतं. रंगवणाऱ्याने त्याच्या चारही बाजूंनी जपून ब्रश फिरवला होता.

मी तसाच पडून राहिलो. मग चाकाशेजारी काठीचं टोक दिसलं.

"पापा, काय हरवलं?"

"चष्मा," मी म्हणालो.

"चष्मा तुमच्या नाकावर आहे."

मी बाहेर आलो. त्या माझ्या शर्टाला लागलेली माती बघत उभ्या राहिल्या. मी ती झटकायला लागलो. परतीच्या वाटेवर बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पट्ट्या बघितल्या होत्या, भीती खरं तर जायला हवी होती. ती गेली नाही, तिचं तोंड फक्त दुसरीकडे वळलं. आता मी समोरच्या सीटवरची बाईंची पाठ बघत होतो.

तिसऱ्या दिवशी निघायचं. तिथे पाहुण्याने उठून ‘जातो’ म्हणायचं नसतं, रस्ता मागायचा असतो. मी मागितला. थोरले भाऊ म्हणाले, "अर्धा रस्ता देतो. उरलेला अर्धा परत याल तेव्हा." बायकोला मी ते सांगितलं तर ती खूश झाली. "म्हणजे आपल्या ‘येतो’सारखंच की!"

बाई गाडीपर्यंत आल्या. बायको पुढे जाऊन बसली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पापा, परवा तुम्ही मम्मीचं काम सांगितलंत. तुमचं राहिलं."

"पुढच्या वेळी सांगतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. पंधरा वर्षं त्या शारजाला येत होत्या, तिथल्या यार्डात इन्शाल्ला म्हणजे ‘होणार नाही’ हे त्यांना ठाऊक होतं. "यार्डातलं इन्शाल्ला?" त्या म्हणाल्या आणि काठी टेकत वळल्या.

परत आल्यावर हळदीकुंकू, फोटो, कौतुक सुरू झालं. गोष्ट सांगताना बायको त्या निळ्या बसपाशी नेहमी थांबते. "काय ती बस, काय त्या बायका! पण ह्यांचा पाय बघाल तर असा दाबलेला, जसे काही हेच चालवतायत!" सगळे हसतात. आणि मग लेखाची मागणी आली.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मुलगा, सून ऑफिसला, नात शाळेत. मी समोर बसलो.

"घानाबद्दल तुला एक सांगायचंय."

"लेख झाला वाटतं?"

मी सांगितलं. ऑगस्टपासून. दबक्या आवाजाचं सांगितलं, मालकाचं सांगितलं, मी लिहिलेलं अक्षर सांगितलं. ती मेथी निवडतच होती. यार्डात माणसं काय काय करतात हे तिला का माहीत नव्हतं? "लिहायला नको होतं तुम्ही," एवढंच म्हणाली. मग बसखालच्या पट्ट्यांचं सांगितलं आणि शेवटी बसचा रंग. तेव्हा तिचे हात थांबले.

"मी बसले होते त्या बसमध्ये."

"हो."

"तेव्हा त्या पट्ट्या तुम्ही बघितल्या नव्हत्या."

"नाही. त्या नंतर दिसल्या."

"आणि मी खिडकीतून तुम्हाला बोलावत होते. मस्त वारा येतोय म्हणून."

मी सांडलेली मेथीची पानं गोळा करायला लागलो.

"तुम्ही मला उतर म्हणाला नाहीत." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "एवढं काय हो होतं लपवण्यासारखं? माझ्यापेक्षा मोठं?"

ती उठून आत गेली. दोन दिवस जेवायला वाढलं, औषधं काढून दिली, पण बोलली नाही. नातीने विचारलं, "आर यू गाइज फायटिंग?" बायकोने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "नाही गं. आजोबांचा घसा बसलाय." चौरंगावरची पट्टी तिने घडी करून कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर फोन घेऊन आली. "लावा त्यांना. माझ्यासमोर बोला. आणि स्पीकरवर."

मी लावला. बाईंचा आवाज आला. मी म्हणालो, "माझं काम सांगायचं राहिलं होतं." मग सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते आणखी उघडं वाटलं, आडोशाला शब्दच नव्हते.

मग त्यांनी त्यांच्याकडचं सांगितलं. बंदरातून बस गावी आली त्याच आठवड्यात तिचं मागचं दार लागेनासं झालं होतं. गावातल्या वेल्डरने खाली जाऊन बघितलं आणि बाईंना बोलावून दांड्याला पडलेली चीर दाखवली. कुणाला काही लागलं नाही. बस चार महिने त्याच्या दारात उभी होती, शारजाला यायचे पैसे तिच्यातच गेले. "तो म्हणाला, हे पिवळं पुसू का? मी म्हटलं, ठेव. हे लिहिणारा एक दिवस येईल." मग म्हणाल्या, "तुम्ही आलात, खाली गेलात, चष्मा शोधलात. त्या दिवशी मला फार राग आला, पापा. बस दिलीत त्या दिवसापेक्षा जास्त."

बायकोने फोन आपल्याकडे ओढला. "सॉरी," ती म्हणाली. "आय सेड, नो लाय."

"मम्मी, तू खरंच बोललीस. तुला माहीत होतं तेवढं."

शेवटी त्यांनी एक काम सांगितलं. त्यांची भाची या महिन्यात बस घ्यायला शारजाला येणार होती, पहिल्यांदाच. "पापा, तुम्ही खाली जाल?"

गेल्या शनिवारी गेलो. यार्ड दुसरं, धूळ तीच. बायको म्हणाली, मी पण येणार. मुलगा म्हणाला, आई, तिकडे काय करणार तू? "टॉर्च धरणार," ती म्हणाली. प्लास्टिकच्या स्टुलावर ती बसजवळ बसली. भाची तिच्या शेजारी, उंच, अबोल मुलगी, हातात मावशीने पाठवलेलं कागदाचं चिटोरं. त्यावर मावशीने स्वतःच्या हाताने ‘ठीक’चं चित्र काढून दिलं होतं. ‘क’ उलटा होता.

पुठ्ठ्यावर आडवं व्हायला मला पाच मिनिटं लागली. हातोडी जड वाटत होती. एका टोकापासून ठोकत निघालो. खणखणीत, खणखणीत, खणखणीत. मधोमध एका ठिकाणी थांबलो. तो आवाज दबका होता का, की माझे कानच आता म्हातारे झालेत, ते कळेना. पुन्हा ठोकलं. लेप जुनाच दिसत होता. लोखंड चांगलं दिसत होतं. विकणारा बाहेरून म्हणाला, "अंकल, गाड़ी एकदम मक्खन है. यल्ला ना."

"अहो," बायकोचा आवाज आला, "काय झालं? वाजतंय ना नीट?"

"थांब. ऐकतोय."

"ऐका. सावकाश ऐका."

मी आणखी चारदा ठोकलं. मग बाहेर सरकलो. पिवळा पेन खिशातच राहिला. भाचीला म्हणालो, "मला नक्की सांगता येत नाही. ही घेऊ नका. दुसरी बघू."

विकणारा हात झटकून निघून गेला. भाचीने चिटोरं घडी करून पर्समध्ये ठेवलं. मला उठता येईना. बायकोने हात देऊन उभं केलं आणि माझ्या पाठीवरची धूळ झटकली, जरा जोरातच.